काम थांबवणारा माणूस हवा

दरवर्षी ४ मार्चला औद्योगिक वसाहतींत बॅनर लागतात. कामगारांना रांगेत उभं करून सुरक्षेची शपथ दिली जाते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, साहेबांच्या हस्ते बक्षिसं वाटली जातात, फोटो निघतात. आठवडा सरला की बॅनर उतरतो. प्रेसशॉपमध्ये पुन्हा तीच मशिनं, काढून कोपऱ्यात टाकलेले तेच गार्ड आणि तीच महिनाअखेरची घाई. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली याच तारखेला स्थापन झाली, म्हणून हा सुरक्षा सप्ताह. परिषदेवर माझा राग नाही. राग आहे तो उरलेल्या एकावन्न आठवड्यांवर.

त्या एकावन्न आठवड्यांचा भार ज्याच्या खांद्यावर टाकलेला असतो, तो सेफ्टी ऑफिसर. 'या लाइनला स्कोप आहे का?' असं डिप्लोमा झालेली मुलं-मुली विचारतात. स्कोप आहे. जरूर या. ज्या कामात संध्याकाळी घरी जाताना 'आज चार माणसं धडधाकट घरी गेली, त्यात माझा हात होता' असं म्हणता येतं, अशी कामं फार नाहीत. पण ही नोकरी कशासाठी आहे ते आधी नीट कळलं पाहिजे. तुम्हालाही आणि तुम्हाला ठेवणाऱ्यालाही.

आधी एसटी स्टँडामागच्या भिंतींवरच्या जाहिरातींचा निकाल लावू. 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, सहा महिन्यांत, शंभर टक्के नोकरी, गल्फमध्ये संधी.' बारावी झालेला पोरगा तिथे पैसे भरतो, बहुतेक वेळा बापाने उसने काढलेले. कोर्स संपल्यावर कळतं की त्या कागदावर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता येत नाही. कायद्याची वाट ठरलेली आहे. इंजिनिअरिंगचं किंवा विज्ञानाचं शिक्षण, कारखान्यात सुपरवायझरच्या पातळीवरचा काही वर्षांचा अनुभव आणि त्यावर सरकारमान्य औद्योगिक सुरक्षेची पदविका. या पदविकेला सगळे 'एडीआयएस' म्हणतात. मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत ती मिळते, राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न संस्थांतही मिळते. नेबॉश ही ब्रिटनमधली परीक्षा. आखातात तिला मान आहे, पण इथल्या पदासाठी ती एडीआयएसची जागा घेत नाही. फी भरण्याआधी समोरच्याला विचारा की ही पदविका कोणाची, आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला ती चालते का. उत्तर गोलगोल आलं तर पैसे खिशातच राहू द्या. गरिबाच्या पोराला खोटा कागद विकणाऱ्यांवर फसवणुकीचे गुन्हे दाखल व्हायला हवेत, आणि तंत्रशिक्षण मंडळाने मान्य संस्थांची यादी दर वर्षी मराठी वर्तमानपत्रांत छापावी. एवढं तरी सरकारला जमण्यासारखं आहे.

अनुभवाची अट उगाच नाही. ती का आहे हे बघायला भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, कुठल्याही वसाहतीतल्या प्रेसशॉपमध्ये उभं राहा. गाडीचा एक छोटा ब्रॅकेट घ्या. पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, रॅम खाली येतो, तुकडा घडतो, तो काढायचा, पुढचा ठेवायचा. एका शिफ्टमध्ये हजारो वेळा. या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच रॅम उतरतो, म्हणजे त्या क्षणी हात डायमध्ये असूच शकत नाही. साधी, जुनी, भरवशाची सोय. तरी बोटं तुटतात. कारण एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं असतं, किंवा दोन्ही बटणं काढून पायाचं पॅडल जोडलेलं असतं. एक हात मोकळा होतो, नग वाढतात. पट्टी कामगाराने लावलेली असेलही. पण ती सुपरवायझरला दिसते, शिफ्ट इनचार्जला दिसते, मेंटेनन्सवाल्याला दिसते. दिवसाचं टार्गेट ठरवताना ती पट्टी हिशोबात धरलेली असते. मग अपघाताच्या अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं जातं. हे वाक्य लिहिणाऱ्या प्रत्येक हाताने आधी त्या प्रेसवर एक शिफ्ट काढावी.

आणखी थोडं जवळून बघा. जुन्या की-क्लच प्रेसचा रॅम एकदा निघाला की मध्ये थांबत नाही. क्लचमधली की झिजली असेल तर तो कोणी न सांगता दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार त्याला 'डबल स्ट्रोक' म्हणतात. अशा प्रेसला कितीही महागडं लाइट कर्टन बसवा, सेन्सरला हात दिसेल पण रॅम थांबणार नाही. तिथे डायभोवती पक्की जाळी हवी, नाहीतर मशीनच बदलायला हवं. हे ओळखणारा सेफ्टी ऑफिसर. न ओळखणारा हातमोजे वाटतो. ड्रिल मशिनवरच्या माणसालाही तोच हातमोजा देतो, आणि फिरत्या ड्रिलने तो हातमोजा पकडला की हात आत ओढला जातो. सुरक्षेच्या शास्त्रात धोकाच काढून टाकणं ही पहिली पायरी, हेल्मेट-बूट-हातमोजे ही शेवटची. आपल्याकडे खरेदीची सुरुवातच शेवटच्या पायरीपासून होते, कारण ती सगळ्यात स्वस्त.

बोटांची किंमत कायद्यात लिहिलेली आहे. भरपाईचा तक्ता १९२३ च्या कायद्यापासून चालत आला आहे. अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के क्षमता गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, करंगळी ७. कारकुनाला हा तक्ता सोयीचा आहे. पण करंगळी गेली की मुठीची पकड ढिली पडते, आणि पकड गेलेल्या माणसाला प्रेसशॉप, वेल्डिंग, हमाली, कुठेच पूर्वीसारखं काम मिळत नाही. ७ टक्क्यांचा माणूस गावाकडे परत जातो.

आता ऑफिसात चला. सेफ्टी ऑफिसर बसतो कुठे आणि उत्तर कोणाला देतो, यावर सगळं ठरतं. नियम सांगतो की त्याने थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करावं, त्याचा दर्जा वरिष्ठ अधिकाऱ्याचा असावा आणि त्याच्या कर्तव्याला बाधा येईल असं दुसरं काम त्याला देऊ नये. प्रत्यक्षात तो प्रॉडक्शन मॅनेजरच्या नाहीतर एचआरच्या हाताखाली असतो. त्याच्याकडे कँटीन असतं, कामगारांच्या बसगाड्या असतात, गेटपास असतात, वृक्षारोपण असतं, पाहुण्यांची सरबराई असते. ज्याचं टार्गेट थांबवायचं, त्यालाच या माणसाची पगारवाढ ठरवू द्यायची. ही सोय मालकाच्या फायद्याची आहे असं मालकाला वाटत असेल, तर तो चुकतो आहे. अपघात झाल्यावर खटला सहसा प्रॉडक्शन मॅनेजरवर चालत नाही. कायद्याने भोगवटादार आणि कारखान्याचा व्यवस्थापक यांना जबाबदार धरलं आहे. मालकांनो, तुमच्या कानाशी खरं बोलणारा माणूस तुम्हीच दोन पायऱ्या खाली बसवला आहे.

धोक्याच्या कामाआधी लागणाऱ्या परमिटचंही तसंच. सकाळी नऊ वाजता टेबलावर परमिटांचा गठ्ठा येतो. हॉट वर्क, उंचीवरचं काम, टाकीत उतरणं. एकेक सही, चहा संपायच्या आत गठ्ठा परत. जागा न बघता सही केलेलं परमिट हा खोटा दस्तऐवज आहे. मी त्याला दुसरं नाव देणार नाही. टाकीच्या तोंडाशी जाऊन, व्हॉल्व्हला कुलूप लागलंय का, किल्ली उतरणाऱ्याच्याच खिशात आहे का, गॅस मीटर आत सोडून ऑक्सिजन मोजलाय का, वरती माणूस आणि ट्रायपॉड आहे का, हे बघून मग सही.

कारण टाकी कोणालाही संधी देत नाही. सांडपाणी प्रक्रियेच्या खड्ड्यात गाळ साचलेला असतो. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि वायू वाढला की थोड्याच वेळात वास येणंच बंद होतं, कारण नाक बधिर होतं. आत उतरलेल्याला वाटतं, हवा स्वच्छ झाली. तो कोसळतो. वरचा 'अरे, काय झालं' म्हणत उतरतो, तोही कोसळतो. मग तिसरा. बातमीत मेलेल्यांचे आकडे दोन, तीन, चार असे येतात, कधी त्यात सख्खे भाऊ असतात. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो, १९.५ च्या खाली गेला तर आत जायचं नाही, हा आकडा ठेकेदाराच्या प्रत्येक मुकादमाला पाठ असला पाहिजे. मीटरची किंमत एका साध्या मोटरसायकलच्या आतबाहेर. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. मीटर विकत घेण्याची बुद्धी त्यानेही आली नसेल, तर अशा ठेकेदाराला काळ्या यादीत टाकण्यावाचून उपाय नाही.

एवढं सगळं बघणाऱ्या सेफ्टी ऑफिसरच्या हातात अधिकार काय? नियमांत त्याचं कर्तव्य लिहिलं आहे ते व्यवस्थापनाला सल्ला देण्याचं आणि मदत करण्याचं. सल्ला. म्हणजे चिकटपट्टी दिसली तर त्याने सांगायचं, ऐकणं न ऐकणं दुसऱ्याच्या मर्जीवर. चांगल्या कंपन्या आपल्या धोरणात 'काम थांबवण्याचा अधिकार' लेखी देतात, काही तर तो प्रत्येक कामगाराला देतात. बाकीच्या ठिकाणी तो नसतो. या क्षेत्रात येणाऱ्यांना कोणी हे सांगत नाही, म्हणून मी सांगतो आहे.

सल्ला न ऐकल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण भोपाळच्या कारखान्याचं आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती, गॅस धुऊन काढणारा स्क्रबर सज्ज नव्हता, गॅस जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. तिन्ही कवचं कागदावर होती. त्याआधी १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीनने एक कामगार दगावला होता. राजकुमार केसवानी हे पत्रकार १९८२ पासून लिहीत होते की हे शहर धोक्यात आहे. माहिती होती, इशारा होता. प्लँट थांबवणारा कोणी नव्हता. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळं प्रकरण आलं, धोक्याची माहिती मिळवण्याचा आणि आसन्न धोका दिसला तर इशारा देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. हजारो माणसं मेल्यावर मिळाला.

आपल्या दाराशी या. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला, १२ माणसं गेली. २३ मे २०२४ रोजी पुन्हा स्फोट झाला, पुन्हा दहाहून अधिक गेली. दोन्ही वेळा मंत्री आले आणि कारखाने हलवण्याची भाषा झाली. वस्तीला चिकटलेली धोकादायक युनिटं हलवलीच पाहिजेत. पण रिअॅक्टरचं तापमान कोण बघतो, रसायनाची साठवण कोण तपासतो, प्रेशर वाढलं तर बंद करायची हिंमत कोणात आहे, हे प्रश्न ट्रकमध्ये भरून पाताळगंगेला नेले तर तिथेही माणसंच राहतात.

या व्यवसायात 'आरोग्य' हा अर्धा भाग आहे, आणि तो अर्धा भाग पार अंधारात आहे. बोट तुटलं तर रक्त दिसतं. दगडाच्या खाणीत, क्रशरवर, फाउंड्रीत सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात बसते आणि डॉक्टर टीबीची औषधं देत राहतो. नव्वद डेसिबलच्या वर रोज आठ तास काम केलेला माणूस चाळिशीत बहिरा होतो, घरचे म्हणतात चिडका झालाय, ऐकून घेत नाही. गिरणीतल्या कापसाच्या तुसाने किती जणांचे श्वास आखडले, त्याचा हिशोब गिरणगावात कोणी ठेवला नाही. धूळ मोजणारे, आवाज मोजणारे, कामगाराच्या फुप्फुसाची नोंद दर वर्षी ठेवणारे तज्ज्ञ आपल्याकडे फार थोडे. ज्याला रसायनशास्त्राची किंवा वैद्यकाची आवड आहे, त्याने सरळ इकडे यावं. इथे गर्दी नाही आणि गरज प्रचंड आहे.

हे सगळं परदेशी खूळ आहे, मालकांना छळायला काढलेलं, असं म्हणणारे भेटतात. त्यांना नारायण मेघाजी लोखंडे माहीत नाहीत. १८८४ साली परळला गिरणी कामगारांची सभा भरवून लोखंड्यांनी निवेदन तयार केलं, त्यावर पाच हजारांहून अधिक कामगारांनी सह्या-अंगठे केले. रविवारची सुट्टी आपल्याला आठवते. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. मुंबईच्या कामगाराने ही मागणी त्याआधी जवळपास चाळीस वर्षं केली होती. कामावरच्या सुरक्षेची परंपरा आपल्या मातीत आहे आणि तिचा अभिमान बाळगायला हवा.

आता नव्या कायद्याकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता लागू झाली. जुन्या कायद्यात सेफ्टी ऑफिसर नेमण्याची सक्ती सर्वसाधारणपणे १००० कामगारांच्या कारखान्याला होती. आता ती ५०० वर आली आहे. धोकादायक प्रक्रियेचा कारखाना असेल तर २५०, बांधकामावर २५०, खाणीत १००. म्हणजे जागा वाढणार, हे उघड आहे, आणि चांगलं आहे. त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या 'कारखान्या'ची व्याख्या मात्र १० कामगारांवरून २० वर नेली आहे. हे वाईट आहे. पॉवरलूमचं शेड, पत्र्याचं छोटं वर्कशॉप, तीन प्रेस आणि पंधरा माणसं असलेला वेंडरचा गाळा, बोटं सगळ्यात जास्त तिथे धोक्यात असतात. मोठी कंपनी आपल्या गेटच्या आत सुरक्षेची पदकं लावते आणि धोक्याचं काम वेंडरकडे पाठवते. ज्याचा ब्रॅकेट आपल्या गाडीत बसतो, त्या वेंडरच्या प्रेसला दोन बटणं आहेत का, हे तपासणं त्या मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागावर बंधनकारक करावं. राज्य सरकारने नियमांत हे आणावं, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

भाषेचं एक सांगून ठेवतो. सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेच्या नियमात, त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला यावी, अशी अट आहे. शहाणी अट आहे. आज चाकणच्या प्रेसशॉपमध्ये बिहारची, ओडिशाची, झारखंडची पोरं उभी आहेत, शेजारी मराठवाड्यातलीही आहेत. मराठी मुलांनी मराठीत शिकवावं, आणि भोजपुरी-हिंदीतही शिकवता येईल एवढी तयारी करावी. इंग्रजी प्रेझेंटेशन दाखवून हजेरीवर सह्या घेतल्या की प्रशिक्षण झालं, ही पद्धत बंद करा. मुलींसाठीही दोन शब्द: या क्षेत्रात या, बायका काम करतात त्या लाइनवर तुमच्याइतकं नीट कोणी ऐकून घेणार नाही. आणि येताना तुमच्या मापाचे सेफ्टी शूज, तुमच्या मापाचा हार्नेस पहिल्या दिवशी मागून घ्या. ढिला हार्नेस घालून उंचीवर चढू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

मुलाखतीच्या दिवशी पगार विचारा, तो हक्क आहे. त्यानंतर आणखी तीन गोष्टी विचारा. मी कोणाला उत्तर देणार? सुरक्षेखेरीज माझ्याकडे कोणतं काम असेल? आणि धोका दिसल्यावर मी मशीन बंद केलं, तर मला कोणाची परवानगी लागेल? तिसऱ्याचं उत्तर 'कोणाचीही नाही' असं आलं, तर ते नियुक्तिपत्रात लिहून मागा. लिहून देणाऱ्या कारखान्यात मन लावून काम करा. लिहून देत नसतील, तर ती नोकरी घेऊ नका.